सरसरीत

४ फेब्रुवारी

आहारगुरू महाशय,

अकरा महिन्यांनी लिहिते आहे. खुशाली विचारण्यासाठी नाही.

काल माझ्याकडे इस्पितळात एक बाई तीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. पाणी पिताना त्याला ठसका लागतो, आणि तो बोलत नाही. असली मुलं बघणं हेच माझं काम, हे तू विसरला असशील म्हणून सांगते. मी केळं कुस्करून चमचा त्याच्या ओठाशी नेला, तर बाईने माझं मनगट धरलं.

"यात दूध नाही ना?"

"का?"

तिने पर्समधून एक गुलाबी कागद काढून माझ्यासमोर ठेवला. वर मोठ्या अक्षरांत 'दूध बंद, ठसका बंद!' खाली तुझं नाव. नावाखाली 'एक अनुभवी बाप'.

तू लिफ्ट दुरुस्त करतोस. एका मुलीचा बाप आहेस, तोही चार वर्षांपासून. यात अनुभव कुठून आला ते कळलं नाही.

पत्रक मी दोनदा वाचलं, एकदा मजकुरासाठी आणि एकदा शुद्धलेखनासाठी. गहू बंद, दूध बंद, साखर बंद. रोज दोन चमचे माशाचं तेल, 'जेणेकरून जिभेच्या नसा मोकळ्या होतील'. जीभ म्हणजे बिजागरी नव्हे. लिफ्टच्या दाराला तेल घातलं की ते करकरायचं थांबतं, म्हणून मुलीच्या तोंडात तेल घातलं की ती बोलायला लागेल, हे शास्त्र फक्त तुझ्याच डोक्यातून निघू शकतं.

दूध बंद केल्यावर खारूचा ठसका थांबला असेल, हे मान्य आहे. थांबणारच. दूध पातळ असतं. जिचा घसा वेळेवर मिटत नाही तिच्या श्वासनळीत कुठलीही पातळ गोष्ट जाते. पाणी बंद केलं असतंस तरी ठसका थांबला असता. मग 'पाणी बंद' म्हणून पत्रक छापलं असतंस का?

घास गालात साठवून ठेवते म्हणून तिचं नाव खारूताई मी ठेवलं. मागच्या मार्चमध्ये तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून तिच्यासाठी कार्ड मी लिहिलं. आठ ओळींचं. तुम्हा दोघांना आठ ओळी पाळता आल्या नाहीत. सातव्या दिवशी तिला न्यूमोनिया झाला आणि सहा दिवस ती ऑक्सिजनवर होती. बाहेरच्या बाकावर तू मला म्हणालास, "ताई, आता तू आमच्या घरी येऊ नकोस." आले नाही. सांगितलेलं ऐकायचं नाही आणि वर सांगणाऱ्यालाच दार लावायचं, ही तुझी जुनी रीत.

तिचं वजन कळव. आकड्यात.

ताई

२० फेब्रुवारी

उत्तर नाही. अनुभवी बाप कामात असणार.

पत्रक आता आमच्या खात्यात सगळ्यांनी वाचलं आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी ते माझ्या टेबलावर काचेखाली सरकवलं. आम्ही त्यांना कॅलरीबाई म्हणतो. त्यांनी विचारलं, "हा तुमचा भाऊ का हो?"

"आडनाव एक आहे," मी म्हणाले.

त्या केळंवाल्या मुलाचं दोन महिन्यांत नऊशे ग्रॅम वजन गेलं आहे. त्याच्या आईने तुझं पत्रक अक्षरशः पाळलं. कॅलरीबाईंचं आणि माझं कधी पटत नाही. त्यांना मूल म्हणजे भरायचं पोतं वाटतं, आणि मला त्या म्हणजे चालता तक्ता. पण त्या दिवशी त्यांनी त्या आईला सांगितलं ते तुलाही सांगते. "अहो, गिळायलासुद्धा जोर लागतो. भुकेलं मूल नीट गिळत नाही, आणि बोलणं तर त्याच्याही पुढचं. आधी त्याला भरवा. मग शब्दांचं बघू."

आणि एक. ठसका थांबला म्हणून तू पत्रक काढलंस. काही मुलांचा घसा रोजच्या माराने बधिर होतो. अन्न श्वासनळीत उतरतं आणि मूल खोकतही नाही. आम्ही याला मुका ठसका म्हणतो. तो ऐकू येत नाही, एक्स-रेच्या पडद्यावर दिसतो. जेवणानंतर खारूचा आवाज ऐक. घोगरा नव्हे, ओला. पाण्याखालून आल्यासारखा. तसा असेल तर तिला तपासणीला आण.

आई असती तर तिने तुझा कान पिळला असता. ती बाइंडिंगच्या कारखान्यात खळ शिजवायची, शिक्षण चौथी. पण पातळ, सरसरीत आणि घट्ट यांतला फरक तिला दहा फुटांवरून कळायचा. तुला आणि तुझ्या बायकोला तो चमच्यात घेऊनही कळला नाही.

वजन.

ताई

८ मार्च

तुझं पोस्टकार्ड मिळालं. पाच वाक्यं. आतापर्यंतचं तुझं सर्वांत नेमकं लेखन.

"ताई, वजन ठीक आहे. खारू तीन शब्द बोलते. ठसका नाही. तुझं कार्ड तिच्या आईने तंतोतंत पाळलं होतं, एवढं लक्षात ठेव. पुन्हा लिहू नकोस."

'ठीक' कुठल्या काट्यावर येतं? तीन शब्द कुठले? चार वर्षांत तीन शब्द, आणि पत्रकात तू छापलंस 'बोलू लागली'. पोपटाच्या दुकानातसुद्धा यापेक्षा प्रामाणिक पाटी असते.

आणि तंतोतंत. तुझी बायको भली आहे, हे मी कधी नाकारलं नाही. भल्या माणसांना वाटतं की भलेपणाने केलं म्हणजे बरोबर केलं. तंतोतंत पाळलं असतं तर मुलगी ऑक्सिजनवर गेली नसती. एवढा सरळ हिशेब आहे.

दोन रविवारांनी येते. बोलावणं नको.

ताई

२२ मार्च

आले होते. तू नव्हतास. कुणीतरी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकलं होतं म्हणे. सोयीचं.

तुझ्या बायकोने दार उघडलं. "जपून या, ताई, फरशी ओली आहे." वर्षभरानंतर पहिलं वाक्य हे. मी भांडणाची तयारी करून आले होते, ती वाया गेली.

काटा मी सोबत नेला होता. अकरा किलो दोनशे. चार वर्षांच्या मुलीचं. हे तुझं ठीक.

तिचे तीन शब्दही ऐकले. 'नको', 'पुरे' आणि 'वर'. तिसरा ती हात उंच करून म्हणते, तुझ्याकडून शिकली असणार. जेवणाच्या आधी 'वर' स्वच्छ होता. जेवणानंतर ओला.

तुझ्या बायकोने बटाटा आणि गाजर उकडून कुस्करलं. दुधाचा थेंब नाही. चमचा उभा राहील इतकं घट्ट. एक वाटी संपायला पन्नास मिनिटं लागली. अर्धं गालात होतं, ते मी बोटाने काढलं. खारूने माझ्या बोटाला चावून बघितलं आणि म्हणाली, "पुरे." एवढं एक मतैक्य त्या दिवशी झालं.

"रोज असंच?" मी विचारलं.

"रोज. दिवसातून चार वेळा." ती वाटी विसळत होती. "डॉक्टरांनी सांगितलंय, जूनपर्यंत वजन वाढलं नाही तर पोटातून नळी घालू. यांनी तुम्हाला लिहिलं असेलच."

यांनी लिहिलं नव्हतं. यांनी 'ठीक' लिहिलं होतं.

मग ती म्हणाली, "ताई, रागावू नका. तुमच्या कार्डाप्रमाणे मी करायचे तसं एकदा तुमच्यासमोर करते. काय चुकलं ते बघा. मला वर्षभर हेच विचारायचं होतं."

तिने उरलेल्या बटाट्यात पाणी ओतलं. ढवळलं. आणखी ओतलं. चमचा उचलून तिरका केला. त्याची धार लागली.

"झालं सरसरीत," ती म्हणाली. "आधी मी घट्टच भरवायचे. तुम्ही सरसरीत लिहिलंत, तेव्हापासून सगळं असं करायला लागले. पाणी आणि दूध तर मुळातच सरसरीत, त्यात काही करावंच लागलं नाही."

मी तिच्या हातातून चमचा घेऊन पुन्हा तिरका केला.

तिने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला माझं कार्ड चिकटवलेलं होतं. खाली पेन्सिलीच्या बारीक खुणा, प्रत्येक जेवणाला एक. सहा दिवसांच्या चोवीस. सातव्या दिवसाच्या दोन. पुढे कागद कोरा.

"एकही घास चुकवला नाही, ताई. मग असं का झालं?"

मी म्हटलं, कार्ड जुनं झालंय, मी नेते. तिने नखाने जपून सोडवून दिलं. चहा पुढे केला. मी घेतला नाही.

ताई

२९ मार्च

कार्ड माझ्यासमोर आहे. चौथी ओळ अशी आहे: 'खाण्यापिण्याचे सर्व पदार्थ सरसरीत करून द्यावेत.' अक्षर चांगलं आहे. माझं अक्षर नेहमीच चांगलं होतं.

इस्पितळात आम्ही असं लिहीत नाही. तिथे छापील कार्ड असतं, दाटपणाचे आकडे असतात, आणि चमचा तिरका करून आईला दाखवावं लागतं. पण तुमच्या टेबलावर बसल्यावर मला छापील कार्ड परकं वाटलं. घरच्यांसाठी घरचा शब्द वापरला. दाखवायलाही उठले नाही. घाई होती, आणि तुझी बायको मान हलवत होती.

सोमवारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेले. पाण्याचा जग घेतला, दाट करायच्या पुडीचा डबा घेतला आणि येईल त्याला म्हटलं, "यातून सरसरीत करून दाखवा." आचारी, सफाईवाली, दोन नर्सा, एक्स-रेवाला, मुलांचे डॉक्टर, कॅलरीबाई. सात माणसं. सातही जणांच्या चमच्यातून धार लागली.

"अहो, सरसरीत म्हणजे सरसर वाहणारं," आचारी म्हणाला. "शब्दातच आहे की, बाई."

मग मी माझं केलं. चमच्यावरून ते सावकाश पडलं आणि वाटीत त्याची घडी झाली. आचाऱ्याने वाकून बघितलं.

"ही तर खळ झाली."

सगळे हसले. कॅलरीबाई नाही हसल्या.

आईची तीन भांडी तुला आठवत असतील. पातळ खळ कागदाला, सरसरीत कापडाला, घट्ट पुठ्ठ्याला. "पळीवरून पडताना घडी पडली, की समज सरसरीत," हे ती आपल्याला शाळेचा धडा सांगावा तसं सांगायची. तो शब्द तिने कुठून उचलला आणि मधल्या भांड्याला का दिला, देव जाणे. कारखान्यात तो चालून गेला. ती गेल्यावर त्या अर्थाने तो बोलणारी दोन माणसं उरली. त्यातलं एक कार्ड लिहायला बसलं.

दुसऱ्याला विचारते. तू ते कार्ड वाचलं होतंस का? हो किंवा नाही.

ताई

९ एप्रिल

मी हो किंवा नाही विचारलं होतं. तू चार पानं पाठवलीस, ग्रीसच्या बोटांची.

वाचलंस, आणि आईचा शब्द बघून हसलास. बायकोला तो वेगळा कळेल हे डोक्यातही आलं नाही. मग आठवडाभर कामावर परगावी होतास. सातव्या दिवशी परत आलास तर मुलगी निळी पडलेली आणि मोरीत वाटी. वाटीत बोट बुडवलंस आणि तुला कळलं. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं? तू म्हणालास, दूध.

तुझी ओळ पुन्हा उतरवते, म्हणजे ती मला नीट दिसेल: "तुझं नाव घेतलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, नातेवाइकांवर उपचार करायचे नाहीत हा तुमचा नियम तूच मला सांगितला होतास. तिचं नाव घेतलं असतं तर तिने जन्मभर स्वतःला माफ केलं नसतं. दूध काही मनाला लावून घेत नाही, ताई."

पुढचंही वाचलं. बायकोने दूध बंद केलं, पुन्हा घट्ट भरवायला लागली, ठसका थांबला. शेजारणीने विचारलं, शेजारणीच्या बहिणीने विचारलं. सांगता सांगता तुलाच ते खरं वाटायला लागलं. मग गहू, मग साखर, मग तेल, मग गुलाबी कागद.

बाकावर तू मला येऊ नकोस म्हणालास ते का, हे आता कळलं. आले असते तर स्वयंपाकघरात गेले असते.

माझ्यासाठी खोटं बोललास म्हणून आभाराची वाट बघत असशील तर बघू नकोस. मला वाचवायला तू एका दुधाला बदनाम केलंस, आणि त्या बदनामीवर दुसऱ्यांची मुलं उपाशी ठेवलीस. त्या मुलाचे नऊशे ग्रॅम तुझ्या पत्रकाचे आहेत. खारूचं वजन तिच्या वयाला चौदा-पंधरा किलो हवं, ती तूट आपल्या दोघांची. वाटणी तू कर, तुला हिशेब जमत नाही म्हणून मी तपासेन.

मीही वर्षभर तुम्हाला मूर्ख समजत होते. त्यात मोठं सुख होतं. एवढं सुख मला नोकरीनेही दिलं नव्हतं.

सोमवारी खातेप्रमुखांना सगळं लिहून दिलं, कार्डासकट. चौकशी होईपर्यंत मला पेशंट नाहीत. तळमजल्यावरच्या नोंदींच्या खोलीत बसते आणि जुन्या फायलींना नवे आकडे देते. नोकरीचं जे व्हायचं ते होईल, तू त्यात पडू नकोस. एकदा पडलास तेवढं पुरे.

खारूची तपासणी सोळा तारखेला, सकाळी दहा वाजता. माझ्या हाताखालची मुलगी करेल. ती माझ्याहून हळू बोलते, म्हणजे बरी. उरलेली पत्रकं सोबत आण. कुणाकुणाला दिलीस त्यांची नावंही. त्यांच्याकडे जाऊन काय सांगायचं ते मी लिहून देणार नाही. माझ्या लिहिण्याचा अनुभव तुला आहे.

ताई

३ मे

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तेरा वर्षं तुझ्याबद्दल लिहिलं, तुझ्या नवऱ्याला. बरं लिहिलं नाही.

तपासणीच्या वेळी मी आत नव्हते, परवानगी नव्हती. चित्रफीत नंतर बघितली. दोनदा. पातळ घोट खारूच्या श्वासनळीत उतरला आणि ती खोकली नाही. पडद्याकडे बघून हसत होती. घट्ट घास घशाशी साचला. मधला सरळ गेला. ज्याची घडी पडते तो. म्हणजे माझा सल्ला बरोबर होता. याने मला दोन दिवस बरं वाटलं, मग मला स्वतःचीच किळस आली. बरोबर सल्ला माझ्या डोक्यात होता. तुझ्या वाटीत तो पोचवणं हेच माझं काम होतं.

त्याने तुला सांगितलं म्हणाला. त्याला ओळखते, अर्धंच सांगितलं असेल. उरलेलं हे: तू एकही घास चुकवला नाहीस. चूक चौथ्या ओळीत होती. तू सव्वीस खुणा केल्यास त्या माझ्या चुकीच्या आहेत. त्या दिवशी चहासुद्धा मी लाजेनेच घेतला नाही. तेव्हा मला तो राग वाटला होता.

माझ्या हाताखालच्या मुलीने मला नंतर येऊन सांगितलं. तिने वाटीत मधला दाटपणा करून तुझ्यासमोर चमचा तिरका केला आणि आकडा सांगण्याऐवजी विचारलं, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" तू म्हणालीस, "याला? रबरबीत." मग लाजलीस म्हणे. तिने तेच कार्डावर लिहिलं.

रबरबीत हा चिखलाचा शब्द आहे. असला शब्द मी कुठल्याही मुलाच्या कार्डावर लिहू दिला नसता, लिहिणारीला चार शब्द सुनावले असते. दूध रबरबीत, पाणी रबरबीत, केळं रबरबीत. अडीच आठवड्यांत चारशे ग्रॅम. कॅलरीबाई नोंदींच्या खोलीत जिना उतरून आल्या, नुसता आकडा सांगितला आणि गेल्या. जूनचा नळीचा निर्णय सहा आठवडे पुढे ढकलला आहे. ढकलला आहे, रद्द नाही. माशाचं तेल हवं तर चालू ठेव. जीभ हलणार नाही, वजनाला मदत होईल.

चौकशीत मला विचारलं, काही सुचवायचं आहे का? मी लिहून दिलं की छापील कार्डावर आकड्याखाली एक कोरी ओळ सोडावी आणि ती आईने भरावी. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. छापतील की नाही माहीत नाही.

तुझं जुनं कार्ड चौकशीतून परत मिळालं, ते पाठवते. मी चौथी ओळ खोडलेली नाही. ते तुझ्याजवळ असू दे, कुणी कधी विचारलं तर दाखवायला.

तुझ्या नवऱ्याने लिहिलं आहे की खारू आता चौथा शब्द बोलते. कुठला ते लिहायला विसरला. नेमकं तेवढंच.

रविवारी यावं म्हणते. तू बोलावलंस तर.

खारूची आत्या